दुधाचं पातेलं, वॉचमनची शिट्टी आणि पावती

प्रश्न: आमचं महिला मंडळ बडोद्यातलं. मुळात दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या बायकांचं, आता निम्म्या जणी मांजलपूर, गोत्री, वाघोडिया रोडला राहायला गेल्यात. गेली वीस वर्षं कोजागिरीला आम्ही घराजवळच्या कॉर्पोरेशनच्या बागेत छत्रीखाली, म्हणजे खांबांवरच्या छपराखाली, जमतो. सभासद साठ-सत्तर, पण सुना-नातवंडं धरली तर सव्वाशेच्या घरात जातो. गाणी, थोडा गरबा आणि मसाला दूध. कधी कोणी हटकलं नाही. गेल्या वर्षी साडेआठला पोचलो तर छत्रीखाली दुसऱ्याच कुणाचा वाढदिवस. वॉचमन म्हणाला, "बेन, एमनुं बुकिंग छे. तमारी पहोंच बतावो." म्हणजे पावती दाखवा. आम्ही कडेच्या हिरवळीवर सतरंज्या टाकल्या, शेगडी पेटवली. दूध आटायला लागलं आणि शिट्टी वाजली, बाग बंद! पातेलं रिक्षातून घरी आणलं. आमच्या खजिनदारबाई म्हणतात, सार्वजनिक बाग आहे, परवानगी कसली मागायची? मी म्हणते, वीस वर्षांची वहिवाट आहे, जागा आम्हालाच मिळायला हवी. आमच्यात बरोबर कोण? काही जणी म्हणतात, यंदा सरळ कमाटीबागेत जाऊ. काय करू?
— एक चिटणीस, बडोदे

ताई,

रिक्षात दूध किती सांडलं ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण पत्राच्या सुरावरून बरंच सांडलेलं दिसतंय.

आधी भांडणाचा निकाल लावू. दोघीही चुकताय. खजिनदारबाई अर्ध्या, तुम्ही जरा जास्त.

वहिवाट हा शब्द आपल्या लोकांच्या जिभेवर फार. १८८२च्या इझमेंट कायद्यात वीस वर्षांचा आकडा आहे हे खरं, आणि बहुधा तोच कानावरून गेल्यामुळे तुम्ही वीस वर्षं मोजून ठेवलीत. पण तो कायदा शेताला जाण्याची वाट, घरात येणारा उजेड, विहिरीचं पाणी असल्या हक्कांसाठी आहे. म्हणजे माझ्या जमिनीचा वापर नीट व्हावा म्हणून शेजाऱ्याच्या जमिनीवर मला मिळणारी सवलत. त्यातही वापर अखंड हवा, आणि सरकारी जमीन असेल तर वीसची तीस वर्षं होतात. तुमच्या मंडळाला ना शेत ना विहीर. वर्षातल्या एका रात्री सतरंजी टाकून दूध प्यायलं म्हणून छत्रीवर हक्क बसत नाही. वीस वर्षं कोणी हटकलं नाही, कारण वीस वर्षं त्या रात्री दुसऱ्या कुणाला ती छत्री नको होती. इतकंच.

आता खजिनदारबाई. बाग सार्वजनिक आहे, तिथे जाऊन बसायला कुणाची परवानगी लागत नाही, इथपर्यंत त्यांचं खरं. चार मैत्रिणी डबा घेऊन बाकावर बसल्या तर त्यांना पावती कोण विचारणार? पण सव्वाशे माणसं, शेगडी, पेटी-ढोलकी आणि ठरावीक छत्री हे सगळं एकत्र आलं की ते 'बागेत बसणं' राहत नाही, कार्यक्रम होतो. सार्वजनिक म्हणजे तुमची जितकी, तितकीच त्या वाढदिवसवाल्यांची. दोघांनाही एकाच रात्री तीच छत्री हवी असेल तर कुणाला द्यायची, हे ठरवण्यासाठीच पावतीपुस्तक असतं. माझी भाची न्यूयॉर्कला असते. तिथल्या महापालिकेच्या बागांत वीसहून जास्त माणसं जमायची असतील तर आधी परवाना काढावा लागतो, अर्जाचे पंचवीस डॉलर भरून, आणि अर्ज नामंजूर झाला तरी ते परत मिळत नाहीत. पहिल्यांदा तिने सांगितलं तेव्हा मी हसले होते. आता वाटतं, वीस हा आकडा काही वाईट नाही. एकविसावी आली की कुणीतरी सतरंजी आणते आणि तिथून पुढे सगळं वाढत जातं.

पण ऑफिसातला माणूस 'नाही' म्हणाला की विषय संपला, असंही नाही. शांतपणे एकत्र जमण्याचा हक्क घटनेच्या एकोणिसाव्या कलमात आहे. आपल्या अहमदाबादचंच एक प्रकरण १९७२ साली सुप्रीम कोर्टात गेलं होतं. रस्त्यावर सभा घ्यायला पोलिसांची आगाऊ परवानगी हवी आणि ती द्यायची की नाही हे सर्वस्वी अधिकाऱ्याच्या मर्जीवर, असा तिथे नियम होता. कोर्टाने तो नियम रद्द केला. सरकारला वेळ, जागा, गर्दी यांचं नियमन करता येतं, पण कसलीही कसोटी न लावता वाटेल तेव्हा नकार देण्याची मोकळीक अधिकाऱ्याला ठेवता येत नाही, असा त्याचा रोख होता. तो खटला रस्त्यावरच्या सभेचा, तुमचं मसाला दुधाचं, तेव्हा खिडकीशी जाऊन सुप्रीम कोर्ट सांगू नका. कारकून चहा प्यायला उठून जाईल. फक्त एवढं लक्षात ठेवा, की नकार मिळाला तर कारण लेखी मागायला लाजायचं नाही. नकारही देत नाहीत, होकारही देत नाहीत, असं झालं तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहेच. पण त्याला उत्तर द्यायची मुदत तीस दिवसांची, म्हणजे तो भाद्रपदात टाकायचा, दसऱ्याला नाही.

तुमची खरी अडचण मात्र पावती नाही, वेळ आहे. 'को जागर्ति' विचारत लक्ष्मी येते मध्यरात्री, आणि बागेचा वॉचमन शिट्टी मारतो त्याच्या कितीतरी आधी. पावती असती तरी शिट्टी वाजलीच असती. त्या वाढदिवसवाल्यांसाठीही वाजली असणार, तुम्ही तेवढ्यात पातेल्याच्या मागे होतात म्हणून पाहिलं नसेल. बागेच्या फाटकावरच्या पाटीवर उघडण्या-मिटण्याच्या वेळा असतात, त्या आधी जाऊन वाचा, फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाका. बुकिंगची वेळ त्या चौकटीतच बसते.

शिवाय आवाज. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सगळ्यांना 'दहानंतर माइक बंद' एवढेच माहीत असतात. लाउडस्पीकरला लेखी परवानगी दिवसाही लागते, हे पुष्कळांना माहीत नसतं. आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर नुसता माइकच नाही, वाद्यंही बंद, असं त्याच नियमांत म्हटलंय. म्हणजे "आम्ही कुठे स्पीकर लावतो, आमची आपली पेटी न् ढोलकी" हे उत्तर दहानंतर चालत नाही. बंद हॉल असेल तर गोष्ट निराळी. राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि दोघी जणी समोरासमोर बसून साधं बोलतात तेव्हाही आवाज त्याच्या वर जातो. दिवसा ५५. सणासाठी राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस दहा ते बारा सूट देता येते. २००५ साली सुप्रीम कोर्टाने ही तरतूद उचलून धरली. आता गुजरातेत त्या पंधरांतल्या नऊ रात्री कुणाच्या वाट्याला जाणार हे मी तुम्हाला सांगायला नको. कोजागिरी त्या यादीत आहे का, हे जवळच्या पोलीस स्टेशनात विचारा. माइकची परवानगीही तिथूनच सुरू होते. मी तर म्हणेन माइक नकोच. साठ बायकांना भोंडल्याची गाणी म्हणायला माइक लागतो कशाला?

कमाटीबागेचा बेत मात्र मनातून काढा. माझा तिच्यावर जीव आहे, म्हणूनच सांगते. १८७९ साली बाग झाली तेव्हा सयाजीराव महाराज पुरते सोळा-सतरा वर्षांचेही नव्हते, कारभार दिवाण टी. माधवरावांकडे होता, आणि महाराजांच्या हाती पूर्ण अधिकार यायला १८८१चा डिसेंबर उजाडला. बाग लोकांसाठी केली, आणि लोकांनी ती इतकी आपली मानली की सयाजीबाग हे नाव पाट्यांवर राहिलं, तोंडात कमाटीबागच. पण कोजागिरीला ती सोयीची नाही. आत प्राणिसंग्रहालय आहे, रात्री त्या जिवांना झोप लागते. कडेने विश्वामित्री वाहते आणि तिच्यात मगरी आहेत. २०२४च्या ऑगस्टच्या पुरात त्या सोसायट्यांमधून फिरत होत्या, विसरलात का? त्यात युनिव्हर्सिटी आणि सयाजी हॉस्पिटल त्याच भागात. शाळा-कॉलेजं, दवाखाने आणि कोर्टं यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा पट्टा सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं, आणि तसं केलं असेल तर तिथे आवाजाची मर्यादा आणखी कमी. अंधारात नातवंडं इकडेतिकडे पांगणार आणि तुम्ही दूध ढवळणार. कमाटीबागेत जायचं तर सकाळी जा. म्युझियम बघा, शेव-उसळ खाऊन घरी या.

आता यंदा काय करायचं ते. कार्यक्रमाचे दोन तुकडे करा. संध्याकाळचा तुकडा बागेत: गाणी, भोंडला, मुलांचे खेळ, नाश्ता. साडेपाच ते आठ, किंवा पाटीवरची वेळ बघून पाऊण तास आधी संपेल असा. आणि चंद्राचा तुकडा कुणाच्या तरी सोसायटीच्या कॉमन प्लॉटमध्ये नाहीतर गच्चीत, शेगडी-पातेल्यासकट. यातून दोन्ही गोष्टी साधतात आणि वॉचमनशी हुज्जत घालावी लागत नाही. काही जणी कुरकुर करतील, 'वीस वर्षं आम्ही...' असं सुरू होईल. होऊ द्या. ज्या साठीच्या पुढच्या आहेत त्या आठला घरी जायला मनातून तयारच असतात, फक्त आधी उठायचं कुणी, एवढाच प्रश्न असतो.

कॉमन प्लॉटसाठी एक सावधगिरी. त्याच रात्री आपल्या गुजराती शेजाऱ्यांची शरद पूनम असते. दूध-पौंआ आणि गरबा दोन्ही होणार, तेही त्याच प्लॉटवर. म्हणून सोसायटीच्या चेअरमनना नवरात्र सुरू व्हायच्या आधीच चिठ्ठी द्या. तोंडी नको. आणि जमलं तर त्यांच्यातच मिसळा. त्यांचे पोहे, तुमचं मसाला दूध. मी एकदा कारेलीबागेत असं केलंय. त्यांना आमच्या दुधातलं जायफळ आवडलं आणि आम्हाला त्यांचा गरबा संपेना. प्लॉट सोसायटीच्या सभासदांचा असतो, तुमच्यातली एक जरी तिथे सभासद असेल तर अर्ज तिच्या नावाने द्या. बाहेरच्या मंडळाचा कागद पाहिला की लोक उगाच ताठतात.

बागेच्या अर्जाकडे येते. इथे मी जरा जास्त वेळ घेणार, कारण इथेच माझे हात पोळलेत. काही वर्षांपूर्वी मी आमच्या भजनी मंडळाच्या वनभोजनासाठी एक बाग ठरवली होती. अर्ज केला, पैसे भरले, पावती पर्समध्ये टाकली, आणि महिनाभर पर्स उघडून तिच्याकडे पाहिलं नाही. कार्यक्रम चौदा तारखेला. पन्नास माणसं, दोन टेम्पो, पुरीभाजीचे डबे, फाटकाशी येऊन मी पावती काढली तर तीवर चार तारीख! एकचा आकडा टायपिंगमध्ये गळालेला. म्हणजे बागेच्या हिशेबाने आम्ही दहा दिवसांपूर्वीच जेवून गेलो होतो. फाटकावरचा मुलगा बिचारा म्हणाला, "मासी, आ तो पती गयुं," म्हणजे हे तर होऊन गेलं. चूक तिकडची होती हे खरं, पण पावती हातात पडल्यावर उभ्या उभ्या वाचायला मला दोन मिनिटं लागली असती. आम्ही शेवटी फुटपाथवर पुऱ्या खाल्ल्या. तेव्हापासून मी पावती खिडकीसमोरच मोठ्याने वाचते: नाव, बाग, छत्री कोणती, तारीख, वार, वेळ. वार वाचायला विसरू नका. तारीख चुकली तर वारावरून लगेच कळतं.

अर्ज गुजरातीत लिहा. आपलं गुजराती बोलणं ठीक असतं, लिहिताना मात्र डोक्यावरची रेघ आपोआप ओढली जाते, तेव्हा शेजारच्या बेनकडून लिहून घ्या. अर्ज मंडळाच्या नावे, सही अध्यक्ष आणि चिटणीस दोघींची, मोबाइल एकच. आधी वॉर्ड ऑफिसात विचारा की या बागेचं बुकिंग कुठे होतं. तिथेच की गार्डन खात्यात की खंडेराव मार्केटमधल्या मुख्य कचेरीत. प्रत्येक बागेचा कारभार सारखा नसतो, आणि चुकीच्या खिडकीत दिलेला अर्ज बरोबर खिडकीपर्यंत स्वतःच्या पायाने चालत जात नाही. दोन प्रती न्या. एकीवर आवक नंबर आणि शिक्का मारून घ्या आणि ती घरी आणा. 'थई जशे, बेन' हे शब्द कितीही प्रेमाने म्हटलेले असले तरी ते कागदावर उमटत नाहीत.

वेळ लिहिताना कार्यक्रमाची लिहू नका, जागा ताब्यात हवी ती लिहा. सतरंज्या टाकायला अर्धा तास, आवरायला पाऊण तास धरा. साडेपाच ते आठ गाणी असतील तर अर्जात पाच ते पावणेनऊ लिहा. फाटक पावणेनऊच्या आधी बंद होत असेल तर गाणी तेवढी अलीकडे ओढा. दोन मंडळांची भांडणं मी पाहिली आहेत, ती निम्मी या पाऊण तासावरून. आधीचे लोक उठत नाहीत, पुढचे लोक सतरंजी घेऊन डोक्यावर उभे. गेल्या वर्षी ती वेळ तुमच्यावर आली नाही एवढंच, कारण तुमच्याकडे पावतीच नव्हती.

पावती म्हणजे तुम्हाला छत्री मिळाली, बाग नाही. चालायला येणारे आजोबा तुमच्या कडेने जाणारच, त्यांच्यासाठी वाट मोकळी ठेवा. झोपाळे, घसरगुंडी अडवू नका. दोरी बांधून जागा घेरू नका, झाडाला खिळा तर अजिबात नको. बागेची जागा बागेसाठीच राहावी याबाबत कोर्टंही कडक आहेत. १९९१ साली बंगळूरच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने उद्यानासाठी राखलेली जागा खासगी नर्सिंग होमला द्यायला मनाई केली होती. हॉस्पिटलसारख्या कामाला जी जागा मिळाली नाही, ती आपल्या वाढदिवसाला आणि कोजागिरीला तीन तास मिळते, ही सवलतच म्हणायची. आणि खरं सांगू, तुमच्या पत्रात एक ओळ होती, ती मी वर छापली नाही. 'पोरं झोपाळ्यावरून उठतच नव्हती, शेवटी आमच्या पोरांसाठी उठवली.' ती पोरं रोजची होती ताई.

आता कचरा. सव्वाशे माणसं म्हणता, म्हणजे तुम्ही एका वेगळ्या नियमात येता. शंभरहून जास्त माणसांचा कार्यक्रम परवाना नसलेल्या जागी करायचा तर महापालिकेला निदान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवायचं, आणि ओला-सुका कचरा वेगळा करून द्यायची जबाबदारी आयोजकाची, ही अट २०१६च्या घनकचरा नियमांनी आणली. तीन दिवस मोजताना दसरा, रविवार वगळा. दसऱ्यापासून कोजागिरी पाचव्या दिवशी येते, तेव्हा दसऱ्यानंतर कळवू म्हणाल तर जमणार नाही. बागेच्या अर्जातच 'अंदाजे १२५ व्यक्ती' असं खरं लिहा. काही जणी म्हणतील, साठ लिहा, कमी फी लागेल. साठ लिहून सव्वाशे आल्या की डिपॉझिट परत मागताना तोंड कुठे लपवाल?

पेले. हे खजिनदारबाईंना वाचून दाखवा, कारण खरेदी त्यांच्याकडे असणार. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे पेले, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ देशभर बंद आहेत. ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच यादीत फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या आहेत, सजावटीचं थर्माकोल आहे, शंभर मायक्रॉनहून पातळ बॅनर आहे, आणि मिठाईच्या खोक्याभोवती गुंडाळतात ते पातळ प्लास्टिकही आहे. म्हणजे दरवर्षी मंडळाच्या नावाचा जो बॅनर तुम्ही दोन झाडांमध्ये ताणता, तो कापडी करून घ्या. एकदा शिवला की दहा वर्षं पुरतो. पेले प्रत्येकीने घरचे स्टीलचे आणावेत. नावं कोरलेली असतातच आपल्या बायकांची. कागदी पेल्याला आतून प्लास्टिकचा थर असतो, तो ओल्यात टाकायचा की सुक्यात यावर रात्री नऊला चर्चा करण्यात अर्थ नाही.

डिपॉझिटची पावती भाड्याच्या पावतीहून वेगळी मागा. परत मिळताना ज्याच्या नावाची पावती त्याच्याच खात्यात जातं, तेव्हा ती मंडळाच्या नावे हवी, खजिनदारबाईंच्या यजमानांच्या नावे नको. मंडळाचं खातं नसेल तर आधी उघडा. वीस वर्षं झाली म्हणता, आणि हिशोब अजून पर्समध्येच आहे का? पोचल्यावर छत्रीचे चार फोटो काढा, निघताना चार. फुटलेली फरशी आधीचीच होती, हे फोटोशिवाय सिद्ध होत नाही.

आणि अर्जात नसलेली पण सगळ्यात महत्त्वाची चौकशी, स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडे असते? बहुतेक बागांत ती एका ठरावीक माणसाच्या खिशात असते आणि तो माणूस संध्याकाळी घरी गेलेला असतो. सव्वाशे माणसं, त्यात निम्म्या साठीच्या बायका. त्या माणसाला आदल्या दिवशी भेटा, नाव विचारा, चहाला बोलवा. त्याच फेरीत छत्रीचा दिवा लागतो का आणि नळाला पाणी येतं का तेही पाहून घ्या.

शेगडीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पातेल्यावरूनच पत्र सुरू झालंय म्हणून सांगते. बागेत विस्तव नको. हिरवळ जळते, आणि मुलांच्या गर्दीत उकळत्या दुधाजवळ सिलिंडर ठेवायला माझं मन घेत नाही. दूध घरीच आटवा. माणशी दीडशे मिलीलीटर धरलं तर सव्वाशेंना एकोणीस लिटर लागेल, आणि पाऊण होईपर्यंत आटवायचं म्हणजे कच्चं दूध पंचवीस लिटर. ते एका घरच्या गॅसवर होत नाही. पाच जणींना पाच-पाच लिटर वाटून द्या, मसाला मात्र एकीनेच कुटावा, नाहीतर पाच घरचं दूध पाच चवींचं होतं. साखर शेवटी. कॉमन प्लॉटवर नुसतं गरम करायचं आणि चंद्राला दाखवायचं.

आणि रिक्षाने न्यायचं झालं तर पातेलं नको. घट्ट झाकणाचे कॅन मिळतात, दूधवाला देईल दोन रात्रींपुरते.